विश्लेषण : नवा जोडलेला संगणक सुरूच होत नाही; दोष शोधायचा कसा, जबाबदारी कोणाची?

तयार ब्रँडेड संगणकापेक्षा सुटे भाग घेऊन संगणक जोडून घेणे अनेकांना परवडते. भांडुपमधील विद्यार्थी, घरून काम करणारे, व्हिडीओ संकलन करणारे तरुण, छोटे हिशेबनीस असे अनेक जण हाच मार्ग धरतात. भाग कधी ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून येतात, कधी ऑनलाइन, तर कधी स्थानिक दुकानातून. सगळे जोडून झाले, बटण दाबले आणि काहीच घडले नाही, तर पहिला निष्कर्ष ठरलेला असतो : ‘मदरबोर्ड गेला.’ बहुतेक वेळा हा निष्कर्ष घाईचा असतो. त्या घाईत चांगला भाग बदलला जातो, वॉरंटी धोक्यात येते आणि ग्राहक दोन दुकानांच्या मध्ये अडकतो. म्हणून दोष शोधण्याचा क्रम आणि ग्राहकाचे हक्क, दोन्ही माहीत असायला हवेत.

जोडलेल्या संगणकाचा प्रश्न वेगळा का?

ब्रँडेड संगणक बंद पडला तर तक्रार एकाच कंपनीकडे जाते. जोडलेल्या संगणकात प्रोसेसर एका कंपनीचा, मदरबोर्ड दुसऱ्या, रॅम तिसऱ्या आणि वीजपुरवठा करणारा डबा म्हणजे एसएमपीएस चौथ्या कंपनीचा असतो. प्रत्येकाची वॉरंटी वेगळी, मुदत वेगळी, सेवा केंद्रही वेगळे. संगणक सुरू होत नाही ही तक्रार संपूर्ण यंत्राची असते, पण वॉरंटी मात्र एकेका भागाची. त्यामुळे दोष नेमका कुठे आहे हे दाखवण्याचे ओझे नकळत ग्राहकावर येऊन पडते.

यात वेळेचाही हिशेब आहे. भांडुपहून लॅमिंग्टन रोडला जायचे तर मध्य रेल्वेने दादर, तिथे गाडी बदलून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड. हातात कॅबिनेट असेल तर गर्दीच्या वेळी हा प्रवास करता येत नाही. चुकीचा भाग घेऊन एक फेरी मारली की कामाचा एक दिवस बुडालाच. घरच्या घरी अर्धा तास नीट तपासणी केली तर ही फेरी अनेकदा टळते. टळली नाही, तरी निदान योग्य भाग घेऊन जाता येते.

बटण दाबल्यावर नेमके काय होते?

कॅबिनेटवरचे बटण घरातल्या दिव्याच्या बटणासारखे वीज जोडत किंवा तोडत नाही. १९९५मध्ये इंटेलने आणलेल्या एटीएक्स रचनेत हे बटण मदरबोर्डला फक्त इशारा देते. एसएमपीएसला भिंतीतून वीज मिळत असेल तर संगणक बंद असतानाही तो मदरबोर्डला पाच व्होल्टचा थोडासा पुरवठा करत असतो. त्याला स्टँडबाय पुरवठा म्हणतात. बटण दाबले की मदरबोर्ड एसएमपीएसला ‘चालू हो’ असा संकेत पाठवतो. मग एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे मुख्य पुरवठे सुरू करतो आणि ते स्थिर झाले की ‘सर्व ठीक’ असा उलट संकेत देतो. त्यानंतरच प्रोसेसर काम सुरू करतो, रॅम तपासतो आणि पडद्यावर चित्र येते.

ही साखळी लक्षात घेतली की लक्षणांचे तीन गट पडतात. एक, काहीच हालचाल नाही. दोन, क्षणभर पंखा फिरून सगळे बंद. तीन, पंखे फिरतात, दिवे लागतात, पण पडदा काळाच. तिन्हींची कारणे वेगळी आहेत. त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्याला ‘चालू होत नाही’ एवढेच न सांगता यातले नेमके कोणते लक्षण आहे ते सांगावे.

सुरुवात भिंतीपासून का करायची?

कारण ती तपासणी फुकट आहे. त्याच सॉकेटवर मोबाइलचा चार्जर किंवा टेबल लॅम्प चालतो का, हे आधी पाहावे. एक्स्टेन्शन बोर्ड आणि यूपीएस काढून केबल थेट भिंतीच्या सॉकेटला लावून बघावी. केबल एसएमपीएसमध्ये शेवटपर्यंत बसली आहे का आणि दुसरी केबल लावून फरक पडतो का, हेही पाहावे. एसएमपीएसच्या मागे एक छोटे बटण असते. त्यावर रेघ आणि शून्य अशा खुणा असतात. रेघेची बाजू दाबलेली असेल तरच तो चालू असतो. नव्या जोडणीत हे बटण बंद राहून जाणे अगदी नेहमीचे आहे.

जुन्या किंवा स्वस्त एसएमपीएसवर ११५ आणि २३० व्होल्ट निवडण्याचे लाल सरकते बटणही असू शकते. आपल्याकडे पुरवठा २३० व्होल्टचा आहे. बटण ११५वर असताना वीज दिली तर एसएमपीएस जळू शकतो. त्यामुळे ही खूण वीज देण्याआधीच पाहायची असते.

भांडुपच्या घरांतील वीजजोडणीचा संबंध काय?

मुंबईच्या बहुतांश भागाला बेस्ट, अदानी आणि टाटा वीज पुरवतात, तर भांडुप-मुलुंडचा पट्टा महावितरणकडे आहे. कंपनी कोणतीही असली तरी मीटरच्या पुढची घरातली वायरिंग ही घरमालकाची जबाबदारी असते. प्रश्न नेमका तिथेच येतो. डोंगरउतारावरच्या बैठ्या चाळी, एकावर एक चढवलेले माळे, वर्षानुवर्षे वाढवत नेलेली वायरिंग अशा घरांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण त्यातली तिसरी, म्हणजे अर्थिंगची, पिन मागे कशालाच जोडलेली नसते.

अशा घरात कॅबिनेटच्या धातूला हात लावला की मुंग्या आल्यासारखे वाटते. अनेक जण याला ‘संगणकात करंट उतरला’ असे म्हणतात आणि एसएमपीएस परत करायला निघतात. एसएमपीएसच्या आतील फिल्टरमधून अगदी थोडी वीज अर्थिंगकडे जाण्यासाठी सोडलेली असते. अर्थिंगच नसेल तर ती धातूच्या कॅबिनेटवर जाणवते. म्हणजे बहुधा दोष घराच्या वायरिंगमध्ये असतो. तो दुर्लक्ष करण्याजोगा मात्र नाही. उद्या खरोखर आतली तार कॅबिनेटला टेकली तर अर्थिंगअभावी माणसाच्या जिवावर बेतू शकते. संगणकावर पन्नास हजार रुपये खर्च करणाऱ्या घराने परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घेणे हा त्याच खर्चाचा भाग मानायला हवा. संगणक लावताच एमसीबी किंवा गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर पुन्हा पुन्हा पडत असेल, तर प्रयोग तिथेच थांबवावेत.

काहीच हालचाल नसेल तर काय तपासावे?

भिंतीपर्यंत सारे ठीक असेल तर संशय तीन ठिकाणी घ्यावा : बटणाची तार, मदरबोर्डची वीजजोडणी आणि एसएमपीएस. वीज बंद करून, केबल काढून मग कॅबिनेट उघडावे. मदरबोर्डला एसएमपीएसकडून दोन वेगळ्या जोडण्या लागतात. एक २४ पिनांची मोठी आणि दुसरी प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची. मोठी जोडणी बरीच घट्ट असते. नवखा माणूस बोर्ड मोडेल या भीतीने ती अर्धवट बसवतो. खटका लागल्याचा आवाज आला पाहिजे.

त्यानंतर कॅबिनेटच्या बटणाच्या बारीक तारा. त्या कोणत्या पिनांवर बसवायच्या हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत चित्रासह दिलेले असते. पिना एकमेकींना खेटून असल्याने तार एक घर सरकली की बटण दाबूनही काही होत नाही. बटणाच्या दोन तारा उलटसुलट लागल्या तरी चालते. दिव्यांच्या तारांना मात्र दिशा असते. बटणाचीच शंका असेल तर पुस्तिकेत दाखवलेल्या त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकत्र स्पर्श करावा. संगणक सुरू झाला तर दोष बटणात किंवा त्याच्या तारेत आहे. मग मदरबोर्ड परत करण्याची गरज नाही. ‘रीसेट’च्या बटणाची तार तात्पुरती तिथे लावूनही काम भागते.

वीज देताच मदरबोर्डवर एखादा छोटा दिवा लागतो का, हेही पाहावे. अनेक बोर्डांवर तो असतो. तो लागला तर स्टँडबाय पुरवठा पोहोचतो आहे. तो असूनही लागत नसेल तर एसएमपीएसवरचा संशय वाढतो. अशा वेळी खात्रीचा दुसरा एसएमपीएस लावून पाहणे हा सर्वात सोपा मार्ग. दुकानदार २४ पिनांच्या जोडणीतील हिरवी आणि काळी तार जोडून एसएमपीएस स्वतंत्र चालवून दाखवतात. त्यात तो चालू होतो एवढेच कळते. भार आल्यावर टिकेल का, हे कळत नाही. शिवाय काही एसएमपीएसचा पंखा भार नसताना फिरतच नाही, त्यामुळे तो बंद आहे असा चुकीचा समज होऊ शकतो.

क्षणभर सुरू होऊन बंद पडत असेल तर?

कुठेतरी शॉर्ट होत आहे, असा याचा बहुधा अर्थ. शॉर्ट जाणवताच एसएमपीएस स्वतःला बंद करून घेतो. नव्या जोडणीत याचे नेहमीचे कारण म्हणजे मदरबोर्डखालचे पितळी खुंट. बोर्ड कॅबिनेटच्या पत्र्याला टेकू नये म्हणून ते लावतात. बोर्डवरील छिद्राशी न जुळणारा एखादा जास्तीचा खुंट राहिला तर तो बोर्डच्या मागच्या बाजूला टेकतो. हरवलेला स्क्रू बोर्डखाली अडकणे हेही तितकेच नेहमीचे. समोरच्या यूएसबीच्या जोडणीतील वाकलेली पिनही असाच त्रास देते.

यावरची चाचणी सोपी आहे. मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा. प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एकच पट्टी आणि एसएमपीएस एवढेच जोडावे. बाहेर सुरू झाला आणि कॅबिनेटमध्ये होत नाही, तर दोष बसवण्यात आहे. मग एकेक भाग वाढवत न्यावा. एका वेळी एकच बदल करावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर नेमके कशामुळे जमले हे कळत नाही.

पंखे फिरतात, पण पडदा काळाच असेल तर?

इथे वीज पोहोचली आहे, अडचण पुढची आहे. मॉनिटरची केबल कुठे लावली ते प्रथम पाहावे. स्वतंत्र ग्राफिक कार्ड असेल तर केबल कार्डला लावायची, मदरबोर्डला नव्हे. कार्ड नसेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सची सोय आहे का, हे तपासावे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ अक्षर असते त्यांत ती नसते. रायझन ५००० मालिकेतील ‘जी’ नसलेल्या नेहमीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्येही नसते. असा प्रोसेसर कार्डाशिवाय घेतला तर संगणक निर्दोष असूनही पडदा काळाच राहणार. ग्राफिक कार्डला वीज देणारी वेगळी जोडणी राहून गेली आहे का, हेही पाहावे.

दुसरा संशय रॅमवर. पट्टी खटका लागेपर्यंत दाबलेली हवी. दोन पट्ट्या असतील तर एकच लावून पाहावी. चार खाचांच्या बोर्डवर ती साधारणपणे प्रोसेसरकडून दुसऱ्या खाचेत बसते. डीडीआर५ रॅम असलेला संगणक पहिल्यांदा सुरू होताना रॅमशी जुळवून घ्यायला काही मिनिटे घेऊ शकतो. तेवढा धीर न धरता वारंवार बंद-चालू केल्यास ते काम कधीच पूर्ण होत नाही. तिसरा संशय बोर्डच्या बायोस या मूळ प्रणालीवर. बोर्ड जुन्या साठ्यातला आणि प्रोसेसर नंतर आलेला असेल तर बायोस अद्ययावत केल्याशिवाय तो ओळखला जात नाही. प्रोसेसरजवळची वीजजोडणी राहिली असेल तरी पंखे फिरतात आणि पुढे काही होत नाही. अनेक बोर्डांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि डिस्क यांसाठी चार छोटे दिवे असतात. जिथे दिवा अडकून राहतो तिथे तपास सुरू करावा.

काय करू नये?

एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नये. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर त्याच्या आतील कपॅसिटरवर ३००हून अधिक व्होल्टचा दाब साठतो आणि केबल काढल्यावरही तो काही काळ राहतो. एका एसएमपीएसच्या सुट्या होणाऱ्या केबली दुसऱ्याला लावू नयेत. टोके सारखी दिसली तरी आतली तारांची मांडणी वेगळी असू शकते आणि डिस्क जळू शकते. प्रोसेसरचे सॉकेट पुन्हा पुन्हा उघडू नये. त्यातली पिन वाकली तर कंपन्या ते ‘ग्राहकाकडून झालेले नुकसान’ धरतात आणि वॉरंटी नाकारतात. सॉकेटवरचे प्लास्टिकचे झाकण म्हणूनच जपून ठेवावे. बोर्ड परत घेताना अनेक कंपन्या ते मागतात.

कायदा काय सांगतो?

दुकानदार म्हणतो, ‘आम्ही फक्त जोडून दिले, भागाचे कंपनी बघेल.’ हा युक्तिवाद जितका प्रचलित तितका पक्का नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘उत्पादक’ कोण याची व्याख्या कलम २(२४)मध्ये आहे. इतरांनी बनवलेले भाग जोडून वस्तू तयार करणाराही तीत येतो. म्हणजे पूर्ण संगणक म्हणून विक्री झाली असेल तर जोडणारे दुकान केवळ मध्यस्थ ठरत नाही. बिलावर सुटे भाग आणि जोडणीशुल्क वेगळे लिहिले असेल तरी पैसे घेऊन केलेली जोडणी ही सेवा आहे. तीत हयगय झाली तर सेवेतील त्रुटीची तक्रार करता येते.

याच कायद्यात बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. सदोष वस्तू बिलावरील मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्यास किंवा पैसे परत देण्यास नकार देणे हीसुद्धा तशीच प्रथा ठरते. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाला ढाल म्हणून वापरता येत नाही. व्यवसायासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागू नसला, तरी स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला तो लागू आहे. घरून काम करणाऱ्यांसाठी हे महत्त्वाचे.

पहिली तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते. तिथे भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. भांडुप मुंबई उपनगर जिल्ह्यात येते आणि या जिल्ह्याचा आयोग वांद्रे पूर्वेला आहे. वस्तू कुठूनही घेतली असली तरी राहत्या ठिकाणच्या आयोगात तक्रार करण्याची मुभा २०१९च्या कायद्याने दिली आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती दाखल करावी लागते.

खरेदीच्या वेळी काय सांभाळावे?

संगणक दुकानातून जोडून घेतला असेल तर तो तिथेच सुरू करून पाहावा आणि पडदा दिसेपर्यंत पैसे पूर्ण देऊ नयेत. जीएसटी वाचवण्यासाठी कच्चे बिल घेण्याचा मोह टाळावा. भागांवरचा १८ टक्के कर वाचतो, पण वॉरंटी आणि तक्रार या दोन्हींचा आधार जातो. पक्क्या बिलावर प्रत्येक भागाचे मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घ्यावेत. ऑनलाइन घेतलेली खोकी उघडताना चित्रफीत काढावी. मदरबोर्डच्या सॉकेटचा जवळून फोटो प्रोसेसर बसवण्याआधी घ्यावा. वाकलेल्या पिनेचा वाद पुढे निघालाच तर हा फोटो उपयोगी पडतो. घरी केलेल्या तपासणीची दोन ओळींची नोंदही ठेवावी : काय बदलले आणि काय झाले.

दुकानदारांनीही एक साधी पद्धत स्वीकारायला हवी. जोडलेला संगणक ग्राहकासमोर सुरू करून, त्याची नोंद बिलावर करूनच हाती द्यावा. त्याला फार तर पंधरा मिनिटे लागतात. ती न दिल्याने ग्राहकाचा कामाचा दिवस, कधी परीक्षेचा अर्ज, कधी मिळालेले काम बुडते. बंद संगणकातला दोष बहुतेक वेळा सापडतो आणि तो सापडायला महागडी यंत्रे लागत नाहीत. मात्र तो शोधण्याचा भार, पूर्ण यंत्राचे पैसे मोजलेल्या ग्राहकावर एकट्यावर टाकणे योग्य नाही. ज्याने यंत्र जोडून विकले, त्यानेच ते चालते हे दाखवले पाहिजे.